तेविसाव्या मिनिटाला

एरी गावात, पीच स्ट्रीटवरच्या व्हिडिओच्या दुकानात
मी रात्रपाळीला असायचे.
शेजारी लॉन्ड्री, समोर बंद पडलेलं बुटांचं दुकान,
आणि तळ्यावरून येणारा बर्फ, नोव्हेंबरपासूनच,
कुणाला न विचारता.
मॅनेजर मला विजे म्हणायचा.
वैजयंती त्याच्या तोंडात मावत नव्हतं.
परत आलेल्या कॅसेटी मागे फिरवून ठेवणं हे माझं काम,
कारण गिऱ्हाइकं सगळंच शेवटाशी सोडून देतात.

सुऱ्याचे सिनेमे सगळ्यात खालच्या फळीवर.
एका हिवाळ्यात झाडून सगळे पाहिले,
आवाज बंद करून, मफलर विणत.
आठवड्याभरात हिशेब कळला:
सोनेरी केसांची शहाणी पोर उरते.
विनोद करणारा काळा मित्र
‘बघून येतो, कसला आवाज आहे’ म्हणत उठतो
आणि नंतर
टॉर्च तेवढा सापडतो, पेटलेला.

अर्नेल हॅस्किन्स महापालिकेचा बर्फाचा नांगर चालवायचा.
दुकान बंद करायच्या वेळेला आला बूट आपटत,
एक कॅसेट काउंटरवर ठेवली.
म्हणाला, “तेविसाव्या मिनिटाला मी आहे.”

लावली. होता.
विशीतला, पिवळ्या शर्टातला,
दोन वाक्यं, एक हसू, मग झाडामागून हात.

“तिसरं वाक्यही होतं मला,” तो म्हणाला.
“बहिणीला पत्र लिहायचं राहिलंय, असं काहीतरी.
ते कापलं.
बहीण असलेला माणूस मेला
की लोक तिथेच अडकतात म्हणे,
सिनेमा पुढे सरकत नाही.”

मी म्हटलं, “निदान मेलास तरी.
आमच्यातलं कुणी त्या छावणीत
मरायलासुद्धा नव्हतं.”

तो इतका हसला की च्युइंगमची बरणी हलली.
“बोलावतील, बोलावतील. माझा नंबर झाला की तुमचा.
फक्त टॉर्च हातात घेऊ नकोस.”

मग आम्ही दोघांनी नावांची यादी पाहिली, डोळे बारीक करून.
शेरीफला आडनाव होतं, सोनेरी पोरीला होतं,
तळ्यालासुद्धा होतं.
अर्नेलच्या नावापुढे पात्र: ‘टायनी’.
एवढंच. सहा फूट दोन इंच माणूस.

“आमच्याकडे आडनाव आधी विचारतात,”
मी फुशारकीने सांगायला गेले
आणि मध्येच जीभ थांबली.
आठवला आमच्या गडाचा बुरूज,
बांधला की ढासळणारा,
आणि त्याच्या पायात जिवंत चिणलेला
वेशीबाहेरचा एक पोरगा.
आत्या रंगवून सांगायची:
राजाचं स्वप्न, मुहूर्त, चुना किती, गूळ किती.
राजाच्या सात पिढ्या तिला तोंडपाठ.
त्या पोराचं नाव तिने सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही.
गोधडीत तोंड खुपसून मी घाबरायचे ते एवढ्यालाच,
की बुरूज पुन्हा पडेल.

“काय झालं?” अर्नेलने विचारलं.
मी म्हटलं, “काही नाही. घरची एक गोष्ट.”
इंग्रजी अपुरं पडलं असं म्हणता आलं असतं.
पण अपुरं इंग्रजी नव्हतं.

कॅसेट मागे घेतली, चित्र चालू ठेवून.
हात झाडामागे गेला. टॉर्च विझला.
पिवळा शर्ट पाठमोरा चालत आला,
शेकोटीपाशी बसला,
कुणीतरी त्याला बशी दिली.
“इथे थांबव,” तो म्हणाला.
आणि टोपी घालून नांगराकडे गेला.
त्या रात्री पीच स्ट्रीट दोनदा साफ झाला.

कॅसेट तशीच डबीत घातली,
एकविसाव्या मिनिटावर.
शनिवारी तक्रार आली
की सिनेमा सुरुवातीपासून नाही.
विजेच्या पगारातून
एक डॉलर कापला.