माप

ऐरोलीच्या रो-हाउसमध्ये आमची गाडी उन्हात उभी असते,
गॅरेजमध्ये बॉम्बर.
म्हणजे त्याचं नाकच फक्त. सहा एमएम प्लाय,
रबाळ्याच्या भंगारातलं ॲल्युमिनियम,
डावीकडचं मीटर मुळात बॉयलरचं;
काटा शून्यावर यायला अजून कां-कू करतो.

अडतीस वर्षं टूलरूममध्ये गेली,
ड्रॉइंगशी खोटं बोलणं जमत नाही.
सीट ड्रॉइंगबरहुकूम केली
आणि तिच्यात मीच मावेना.
गुडघा दांड्याला अडतो, पोट पट्ट्याला.
दोनदा मोजलं.
माप बरोबर होतं.

काल वेल्डिंगचे रॉड द्यायला मढवींचा भूपेश आला.
"काका, बसू?"
बसला. एकोणिसावं लागलंय नुकतंच.
पाय आपसूक पेडलवर गेले,
न बघता हात पोचला एकेका खटक्यापर्यंत,
त्या लाल झाकणाखालच्यासुद्धा.

खाडीकडून वारा सुटला होता, पत्रा जरासा थरथरला.
तोंडानं इंजिनाचा आवाज काढत
तो खाली बघत होता,
फरशीकडे, जिथं माझ्या चपला होत्या.

"उतर," मी म्हणालो,
"ग्लू ओला आहे अजून."

ग्लू गणपतीतच सुकला होता.