वामींचं साल

त्या साली वाम माजली होती, मनगटाएवढी.

दोन्ही राजे वोडेन देवाच्याच वंशातले.
भाट तार छेडत पिढ्या मोजायचा:
चौदा नावं अगदी सारखी,
पंधराव्याला दोन बायका.
तिथून फाटा फुटला,
देइरा इकडे, बर्निसिया तिकडे.

लढले आमच्या नदीउतारापाशी.
धुकं होतं, मला काहीच दिसलं नाही;
नुसतं ऐकू येत राहिलं
कुणीतरी घाईघाईनं लाकडं फोडतंय असं.

जिंकलेल्यांनी आपली माणसं मोजून नेली,
तलवारींसकट टेकडीवर पुरली.
वाहून गेले ते कुणाचेच नव्हते.
टिल्रेडला, माझ्या दिराला, पट्ट्याचं बक्कल सापडलं,
लाल खड्यांचं. आठ रात्री उशाशी घेऊन झोपला,
मग स्वतःच नदीत टाकून आला.

वाळुंजाच्या टोपल्या मी उपसल्याच नाहीत
पहिलं बर्फ पडेपर्यंत.
मग सातू संपला.

चुलीपाशी डुन्नानं विचारलं,
"आई, ही कुठल्या राजाची?"
मी वाम राखेत घोळली, मानेशी चिरली.
कातडं एकाच ओढीत निघालं.
"खा," म्हटलं, "काटा बघून."