तिसरा नंबर

कात्रजला, गच्चीवर, कापलेल्या बाटलीत
रेश्मा बागवान पाऊस मोजते.
बाटलीवर लाल नेलपॉलिशची रेघ.
रेघ बुडाली की ती ढमढेरे मास्तरांना उठवते,
मास्तर धनकवडीच्या पुलावरून बॅटरी मारतात ओढ्यात,
आणि मग माझा फोन.
माझ्याखाली वस्ती. वस्तीखाली कुणी नाही, नदीच.

परवा रात्री एक वाजून दहा.
"ओढ्याचा आवाज बदललाय," मास्तर म्हणाले,
आणि ठेवलाच.

मी परात बडवत निघाले.
सिलेंडर, रेशनकार्डांची पिशवी,
शकूच्या सासूला खुर्चीसकट चौघांनी उचललं,
तिच्या मांडीवर कोंबडी.
शाळेच्या जिन्याची किल्ली या वर्षी आमच्याकडेच असते,
शिपाई शोधावा लागत नाही.
वॉर्ड ऑफिसचा फोन नुसता वाजत राहिला.

पाणी आलं,
घोट्याला लागलं,
आणि माघारी गेलं.

सकाळी मला बोलणी बसली.
"घोटाभर पाण्यासाठी झोपेचं खोबरं!"
शकू काही बोलली नाही.
तिने दिवाळीला घर रंगवलं तेव्हा
माझ्या डोक्याच्या हातभर वर
मातीची एक पट्टी तशीच सोडली होती,
त्या वर्षीची.
भिंतीकडे पाठ करून ती चहा गाळत राहिली.

मी वहीत लिहिलं: घोटा.
मग रेश्माला फोन लावला.
"बाटली रिकामी केलीस?"
"केली. पुदिन्याला घातलं पाणी."
"बरं. झोप आता.
आभाळ अजून भरलेलंच आहे."