म्यूट

तिकीट दोनशे वीस रुपये. नातवाने मोबाइलवर काढून दिलं.
लक्ष्मी रस्त्यावरचं थिएटर, दुपारचा खेळ,
पंचवीस-तीस माणसं, त्यातली चार झोपायला आलेली.
पडद्यावर रेठरेकर आले
आणि मी बसल्या जागी पाय जवळ घेतले.
अजून सवय जात नाही.

नट देखणा आहे. रेठरेकर नव्हते.
दात पुढे, सदऱ्यावर तपकिरीचे डाग,
आणि शिवी देताना आवाज एकदम मऊ.
सिनेमात ते शिवाजीनगर कोर्टात अकरा मिनिटं बोलतात,
मागे व्हायोलिन.
खऱ्या तारखेला म्हणाले होते,
'छापलंय. मीच छापलंय. पुढची तारीख द्या, मला मूळव्याध आहे.'
लोक हसले. न्यायाधीशसुद्धा, कागदात तोंड घालून.

'खुसपट'चे अंक मी जुळवायचो.
बुधवारात पत्र्याची शेड, ट्रेडल, रॉकेलचा वास,
डिग्री टाइप : अक्षर वेगळं, मात्रा वेगळी,
डोळ्यांनी उलटं वाचायचं, बोटांनी सुलटं समजायचं.
निम्मी घाण असायची त्यात, खोटं का बोलू,
बायकांची चित्रं, कुणाच्या तरी सुनेची भानगड,
पैसे दिले की न छापलेली भानगड.
आणि मधेच एखादं पान असं यायचं
की जुळवता जुळवता हात थांबायचा.
वसतिगृहातल्या मुलींचं ते पान
सात दारं फिरून आमच्याकडे आलेलं.
रेठरेकरांनी वाचलं, तपकीर ओढली,
पुन्हा वाचलं.
'मुकिंदा,' म्हणाले, 'बारा पॉइंट काळा.'

फरासखान्याचे पोलीस आले तेव्हा
ते घरी जेवत होते. कानफटात मला बसली.
गॅली माझ्याकडे, जनता वसाहतीत, ज्वारीच्या डब्यामागे.
बायको पोटुशी. तिने काही विचारलं नाही,
डब्याला पाठ लावून बसली भाकरी थापत,
हवालदार गेला तरी थापतच राहिली,
त्या रात्री आम्ही शेजाऱ्यांना भाकरी वाटल्या.
सिनेमात हे नाही.
सिनेमात एक विनोदी नोकर आहे, तोंडाला शाई फासून घेणारा.
तो बहुधा मी.

आग मात्र दाखवलीय. ज्वाळा छान दिसतात.
कुणी काही जाळलं नव्हतं.
पोरं आली, केसी उपड्या केल्या, चहा प्यायला गेली.
शिशाचा ढीग गुडघाभर,
'क'मध्ये 'ळ', 'ळ'मध्ये रफार.
अकरा रात्री आम्ही दोघं जमिनीवर बसून निवडत होतो,
तांदळातले खडे निवडावेत तसे,
ते जुन्या टायरच्या ट्यूबवर, मूळव्याध सांभाळत.
एकदा नुसतेच म्हणाले,
'अनुस्वार किती असतात रे जगात.'
तीन महिन्यांचा पगार राहिला माझा त्यांच्याकडे.
मागितला की मऊ आवाजात,
'मुकिंदा, तोंड आवर.'

शेवटी ते पान कोर्टात मोठ्याने वाचतात
आणि नेमक्या त्या शब्दावर आवाज गेला.
नटाचे ओठ हलले. हॉलमधला पंखा ऐकू आला.
सेन्सॉरने काढायला लावलाय, नातू म्हणाला होता,
नाहीतर सिनेमाच अडकला असता.
पन्नास वर्षं झाली.
माझा अंगठा अंधारात आपोआप हलला :
तीन अक्षरं, एक काना, वर अनुस्वार,
मागे बारीक स्पेस.

शेजारची मुलगी, असेल कॉलेजातली,
पॉपकॉर्नचा हात तसाच ठेवून वाकली,
'आजोबा, काय म्हणाले ते?'
मी आधी दाराकडे पाहिलं.
मग सांगितला.
ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली,
पडद्यावर नावं वर सरकत होती, माझं नव्हतं.
म्हणाली, 'एवढंच?'