खळं

गुडघ्याच्या मागे, जिथं आपलं आपल्याला दिसत नाही,
तिथं तो वहिनीला दिसला.
सत्तरीत, माहेरच्या डोंगरावर
आम्ही काजू वेचत होतो, बोंडवांचा आंबूस वास
केसांत, पदरात, बोटांच्या फटींत.
"गोचीड गो," म्हणाली, नखानं ओढला
आणि चपलेखाली चिरडला.
गुरांना असतातच. माणसांचं कोण विचारतो.

आठ दिवसांनी त्या जागेभोवती लाल कडं,
मध्ये फिकट, पुन्हा लाल.
चंद्राला पडतं तसं खळं.
खळं लांब तर पाऊस जवळ, म्हणायचे घरी.
हे लांब होतं की जवळ,
मी मोजलं नाही.

बांबोळीला जायचं म्हणजे चोडणची फेरीबोट,
रायबंदरला उतरून बस.
रॅम्प उचलताना साखळी करकरते,
पूर्वी ऐकूही यायची नाही.
मी उभ्यानंच जाते. बसलं की उठावं लागतं.

डॉक्टर तरुण. त्यानं नाव घेतलं: लाइम.
आपल्याकडे सहसा नसतो, म्हणाला.
रक्त मुंबईला गेलं आणि परत आलं
हो आणि नाही यांच्या मधलं काहीतरी घेऊन.
शेजारच्या एस्मेराल्दाबाईनं नाव ऐकलं,
त्या दिवसापासून मला लिंबू वर्ज्य.
तिच्या कुंपणावरची लिंबं आता दुसऱ्या घरी जातात.
दोनदा समजावलं.
तिसऱ्यांदा नाही.

एकवीस दिवस गोळ्या.
एकवीस ऐकून सासूबाईंना बरं वाटलं,
दूर्वांचा आकडा, मोदकांचा.
बाविसाव्या दिवशी मी उठले
तर मनगट माझ्याआधी उठून बसलेलं.

जंतू मेला, डॉक्टर म्हणाला.
मग हे कोण राहतं?
आज खांद्यात चूल मांडतं, परवा टाचेत,
मध्ये दोन दिवस कुठे जातं तेही सांगत नाही.
आमच्याकडे मुंडकाराला काढता येत नाही,
भाटकारानं कितीही दात-ओठ खाल्ले तरी.
इतकी वर्षं राहिला, आता घर त्याचं.
मी माझ्याच अंगाची भाटकारीण,
सकाळी दारात उभी राहून विचारते,
आज कुठली खोली?

"एक ते दहा, किती दुखतं?"
साडेतीन, म्हणाले. पास होण्यापुरतं.
जास्त सांगितलं तर भुवया वर जातात,
कमी सांगितलं तर घरी पाठवतात.
खरा आकडा पहाटे चारला असतो,
पोदेराचा भोंगा वाजायच्या कितीतरी आधी.
तेव्हा विचारायला कोणी नसतं.

दिसत काही नाही, हीच खोड.
चवथीला सगळ्या म्हणाल्या, बरी दिसतेस, उजळलीस.
नेवऱ्या मुरडायला बसले. सतरा मुरडल्या,
अठरावी हातातच राहिली.
धाकट्या जावेनं ती काढून घेतली, माझ्याकडे न बघता,
आपलं बोलणं चालूच ठेवून.
त्या न बघण्यासाठी
तिचं मागचं बरंच काही मी सोडून दिलं.

उमाकांत बोलत नाही. आधी विचारायचा, कसं आहे?
मग त्याला उत्तर पाठ झालं.
सकाळी सहाच्या फेरीनं तो जातो.

परवा दुपारी गूळ काढायला गेले
तर झाकण नुसतं ठेवलेलं, फिरवलेलं नाही.
मिठाचंही तसंच. चहाच्या डब्याचं.
तोरांच्या लोणच्याच्या बरणीचं.
कधीपासून, कोण जाणे.

गुळाला मुंग्या लागल्या होत्या,
खिडकीपासून ओट्यापर्यंत काळी बारीक रांग.
डबा उन्हात ठेवला, फुंकर मारली,
राहिल्या त्या बोटानं टिपल्या.
मग जागेवर नेऊन
झाकण ठेवलं,
होतं तसंच, सैल.