खर्च : बर्फ

बसऱ्यात जुलैमध्ये थंड पाणी हवं असेल
तर गरम नळ सोडायचा.
गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला चालेल, हाताला नाही.
गीझर मात्र एप्रिलपासून बंद, जिन्याखाली, अंधारात,
रात्रीचं पाणी पोटाशी धरून.
नवा पोऱ्या शोफिकुल पहिल्याच दिवशी भाजला,
म्हणाला, इथे नळसुद्धा खोटं बोलतात.

मी गल्ल्यावर बसते, बद्रिया.
वडील गेले तेव्हा हॉटेल भावाच्या नावावर झालं, वही माझ्या.
जनरेटरवाल्याचे अँपिअर.
टोमॅटो चार पेट्या, पैकी दीड वाटेतच शिजलेली.
बर्फ, सहा लाद्या. कारखान्यातून सहा निघतात,
पोचतात साडेचार, पैसे सहाचे.
उरलेल्याचं काय, विचारलं
की ड्रायव्हर ओला टेम्पो दाखवतो.

रेडिओ एकोणपन्नास म्हणतो.
पन्नास म्हटलं तर सुट्टी द्यावी लागते,
म्हणून त्यापुढचे आकडे सरकारला येत नाहीत,
असं गल्लीत म्हणतात.

दिवसभर खुर्च्या टेबलांवर पालथ्या.
गिऱ्हाईक येतं रात्री दहानंतर,
पाठीला चिकटलेले शर्ट, खांद्यावर झोपलेली मुलं,
आणि मागतं मसगूफच.
पाठीतून चिरून उघडलेला मासा, चिंचेचा कोळ, मीठ,
जर्दाळूच्या लाकडाच्या जाळाकडे तोंड करून
खुंट्यांवर उभा, तास सव्वातास.
माशाला घाई चालत नाही, लफ्तालाही नाही.
चाळीस वर्षं मासा जाळाच्या त्या बाजूला,
तो या बाजूला.

मंगळवारी वीज चौथ्यांदा गेली
आणि जनरेटर खोकून थांबला.
पंखे फिरत फिरत विसरले.
लफ्ता काहीच बोलला नाही.
मला त्याची कॉलर दिसली. कोरडी.
जाळापाशी माणूस आणि कॉलर कोरडी.
मग त्याने मला हाक मारली, माझ्या आईच्या नावाने.

शोफिकुलने माशांची पेटी फरशीवर उलटी केली.
बर्फ काखेत, बर्फ मानेखाली,
गीझरचं पाणी बादलीने डोक्यावर.
मासे आमच्या पायांत, डोळे उघडे.
सहा नंबरच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, अजून किती वेळ?
त्याचीच बायको उठली,
मेनूकार्ड घेऊन वारा घालत बसली.
आठ पानी, प्लास्टिक चढवलेलं,
भावाने हौसेने छापून घेतलेलं कार्ड,
पहिल्यांदा कामाला आलं.

अँब्युलन्स आली तेव्हा खुंट्यांवरचे चारही मासे
काळे झाले होते.

रात्री वही लिहिली.
बर्फ, साडेचार लाद्या. मासे एकोणीस किलो, फेकले.
भावाने विचारलं, बर्फ कुठल्या खात्यात टाकलास?
म्हटलं, सरपणात.
तो हसला नाही. मीही विनोद केला नव्हता.

सहाव्या दिवशी लफ्ता आला,
माझ्याजवळच्या स्टुलावर बसला, पंख्यासमोर.
नवा माणूस लाकडं कोंबत होता.
'घाई करतोय,' लफ्ता म्हणाला. थोड्या वेळाने परत, 'घाई करतोय.'
मग गुडघ्यांवर हात टेकून उठला.
मी त्याची कॉलर बघितली.
ओली होती.
काही बोलले नाही, पुढचं पान उघडलं.