कारणाचा रकाना

कंपनी म्हणते एकवीस.
कंपनीच्या रस्त्यावर बोरीचा पूल नसणार,
पुलाआधी रेंगाळणारा खडीचा ट्रक नसणार,
आणि शिरोड्यात, अमावास्येला,
कामाक्षीच्या दारापासून बाजारापर्यंत
उभ्या जागी घुरघुरणाऱ्या गाड्याही नसणार.

मी लिहितो. नऊ वर्षं लिहितोय.
तारीख, लिटर, किलोमीटर, भागाकार,
आणि कडेला एक अरुंद रकाना: कारण.
रायच्या पंपावर प्रवीणा नळी लावते,
टक् झालं की मी म्हणतो, बस.
राउंड फिगर करू, काका?
नको. राउंड फिगरपायी भागाकार बिघडतो.

१६.४. एसी, मेव्हणा, त्याची तीन मुलं.
१७.९. एकटाच. काचा खाली.
१५.२. मागच्या डाव्या चाकात हवा चोवीस. कुणी सांगितलं नाही.
१६.०. फणस.
१४.७. कारण सापडत नाही.
त्या आठवड्यात मी नीट जेवलो नव्हतो.

उतारावर गाडी न्यूट्रलला सोडायचो,
रस्ता फुकट मिळाला असं समजून.
मेनीन मेकॅनिकनं हात पुसत ऐकून घेतलं.
पात्रांव, न्यूट्रलला ती स्वतःच्या पेट्रोलवर जगते.
गिअरात ठेव, पाय काढ,
मग उतार चाकं फिरवतो, चाकं इंजिन फिरवतात,
थेंब जात नाही.
म्हणजे एवढी वर्षं
फुकटच्या उतारावर मी पैसे मोजत होतो.

मग कुंदा म्हणाली, मला शिकव.
बावन्नाव्या वर्षी.
शाळेच्या मैदानावर, रविवारी,
फुटबॉलवाली पोरं यायच्या आत,
पहिल्या गिअरात गोल गोल.
गाडी उचकी देऊन बंद पडायची.
ती हसायची,
मी पेट्रोलच्या काट्याकडे बघायचो.

११.८.
नऊ वर्षांतला तळ.
रकान्यात लिहिलं, क्लच. खोडलं.
पहिला गिअर. खोडलं.
तिचं नाव लिहायला पेन टेकवलं
आणि नुसताच ठिपका पडला.

आता मडगावला तीच नेते.
पंचेचाळीस, फार तर पन्नास.
ओव्हरटेक नाही.
खडीच्या ट्रकमागे त्याच्याच वयाची होऊन चालते.
पुढे गर्दी दिसली की लांबूनच पाय काढते,
दूध वर चढायच्या आधी
गॅस बारीक करावा तसा.
ब्रेक मी मारतो,
शेजारच्या सीटवरून, जिथे ब्रेक नाही तिथे.

काल टाकी भरली. टक्.
चोवीस पॉइंट तीन लिटर, पाचशे एक किलोमीटर.
भागाकार तीनदा केला.
२०.६.
प्रवीणा म्हणाली, काका, बाजूला घ्या, मागे लाइन लागलीय.
पेन माझ्या हातातून घेऊन
कुंदानं स्वतःच रकाना भरला,
तिच्या मोठ्या, रेघेबाहेर जाणाऱ्या अक्षरात:
डिकीतला चिरा काढला.

तो चिरा.
गाडी घेतली त्याच आठवड्यात ठेवलेला,
चढावर थांबलो आणि मागे घसरलो तर
चाकाखाली लावायला.
एकदाही लागला नाही.
डिकीचं कापड त्याच्या आकारानं लाल झालंय.
आता तो विहिरीपाशी असतो,
ती त्यावर बादली ठेवते.

तीस किलोंनी एवढा फरक पडत नाही.
मला आकडे कळतात.
फार तर पाव किलोमीटर, तोही ओढूनताणून.
उरलेलं कारण
आरसा नीट करून, इंडिकेटर देऊन
पंपाबाहेर गाडी काढत होतं.

रकान्यात अजून थोडी जागा होती.
मी वही मिटली,
पट्टा लावला.